दसरा ते संक्रांत : मुंबईत पहिली १० किलोमीटरची धाव

मुंबईत थंडी म्हणावी असे आठवडे मोजून सहा-आठ, आणि पळण्याच्या बहुतेक स्पर्धाही त्याच आठवड्यांच्या आसपास दाटीवाटीने बसवलेल्या. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांतीचा तिळगूळ डब्यात शिल्लक असतानाच. उपनगरांतल्या आणि ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या धावाही याच मोसमात होतात. दसऱ्यापासून मोजलं तर हातात १२ ते १६ आठवडे येतात. आज सलग अर्धा तास भरभर चालता येत असेल, तर तेवढ्या दिवसांत १० किलोमीटरची तयारी होते. पहिल्यांदा पळणाऱ्या बहुतेकांना हे अंतर ७० ते ९० मिनिटांत जमतं. हाफ मॅरेथॉन मात्र यंदा नको. पहिल्याच वर्षी २१ किलोमीटरची नोंदणी करून फेब्रुवारीत फिजिओकडे चकरा मारणारे दर मोसमात दिसतात.

नोंदणीची तारीख तयारीच्या बरीच आधी येते. मोठ्या स्पर्धांच्या १० किलोमीटरच्या जागा महिनोन्‌महिने आधी संपतात, त्यामुळे पावसाळ्यातच स्पर्धेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. छोट्या धावेचे पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: रस्ता वाहनांसाठी बंद असेल की अर्धाच, पाणी किती किलोमीटरवर मिळेल, अँब्युलन्स आणि डॉक्टर आहेत का, आणि सुरुवात किती वाजता. मुंबईत सकाळी सातनंतर सुटणारी १० किलोमीटरची धाव पहिल्या वर्षी टाळलेलीच बरी. मेडल कसं आहे, टी-शर्ट कुठल्या रंगाचा, हे प्रश्न नंतरचे.

दम लावते ती हवा

घाम आल्याने अंग गार होत नाही, घाम वाळल्याने होतं. मुंबईत पहाटे हवेतली आर्द्रता बरेचदा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीर तापत राहतं, मग हृदयाला दोन आघाड्या सांभाळाव्या लागतात: स्नायूंना रक्त पुरवायचं आणि उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडेही पाठवायचं. म्हणून साताऱ्यात किंवा नाशिकला ज्या वेगाने गप्पा मारत पळता येतं, त्याच वेगाने दादरला छाती भात्यासारखी चालते. तुमचा स्टॅमिना कमी झालेला नसतो. या मोसमात ही हवा ऑक्टोबरात सर्वांत वाईट, आणि आपली सुरुवात नेमकी तेव्हाच.

तेव्हा पहिले दोन महिने घड्याळातला वेग बघूच नका. श्वास ऐका. पळताना दादरहून सुटलेल्या स्लो लोकलची स्टेशनं मोठ्याने म्हणा: दादर, प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. चारही नावं एका दमात निघाली तर वेग बरोबर आहे. प्रभादेवीलाच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे, चालायला लागा. थेट चर्चगेटपर्यंत एका दमात पोचलात तर थोडं वाढवायला हरकत नाही. हे हास्यास्पद वाटेल, पण चांगल्या हार्टरेट पट्ट्याइतकंच उपयोगी आहे आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

उकाड्याची सवय शरीराला १० ते १४ दिवसांत लागते. घाम लवकर सुटू लागतो, त्यात मीठ कमी जातं, नाडी तेवढी चढत नाही. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना थोडे दिवस जास्त लागतात. या दिवसांत ‘मला पळणं जमणारच नाही’ असा निकाल लावू नका.

डॉक्टर, आणि मग बूट

वय ४० च्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब, दमा असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा जिना चढताना छातीत दाटून येत असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट यांतलं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. सतत थकवा असणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते कमी असताना कुठलाही आराखडा उपयोगाचा नाही. आधी ते वाढवायचं, मग पळायचं.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. ज्या मोज्यांवर पळणार तेच घालून जा. दोन्ही बूट चढवून उभं राहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात. रोजच्या बुटापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा लागणं नेहमीचंच. मग टाच बघा: नाडी बांधून जागच्या जागी उड्या मारल्यावर टाच वर सरकायला नको. सरकत असेल तर सर्वांत वरच्या जास्तीच्या भोकातून नाडी ओवून बांधून बघा, तरी सरकली तर दुसरा जोड. शेवटी दुकानाबाहेर शंभर पावलं पळून या. चांगला दुकानदार अडवत नाही. ‘वापरून वापरून सैल होतील’ असं कुणी म्हणालं तर ते चपलांबद्दल असतं, पळायच्या बुटांबद्दल नाही. कार्बन प्लेटचे महागडे बूट पहिल्या वर्षी नकोत. साधा, गादी असलेला रोजच्या सरावाचा जोड पुरतो आणि ५०० ते ८०० किलोमीटर चालतो, म्हणजे हा मोसम आणि पुढचाही बराचसा.

कपडे सुती नकोत. सुती बनियन घाम पितं, जड होतं आणि घासतं. काखा, मांड्यांच्या आतल्या बाजू, स्पोर्ट्‌स ब्राची पट्टी आणि पुरुषांची स्तनाग्रं, या जागी मुंबईच्या घामात अर्ध्या तासात कातडी सोलवटते. निघण्यापूर्वी तिथे पेट्रोलियम जेली लावा, स्तनाग्रांवर चिकटपट्टी. मोजेही सिंथेटिक किंवा मिश्र धाग्याचे घ्या. ओल्या सुती मोज्यांनी फोड येणारच.

बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस पळायचं: मंगळवार, गुरुवार, रविवार. सोमवार आणि शुक्रवार घरच्या घरी ताकदीचे व्यायाम. बुधवारी आणि शनिवारी काही नाही. ऑफिसला जाता-येता जेवढं चालणं होतं तेवढं पुरे. हातात १६ आठवडे असतील तर पहिल्या चार आठवड्यांचा टप्पा दोनदा करा, शेवटचा लांबवू नका.

पहिले चार आठवडे दर वेळी ५ मिनिटं भरभर चाला, मग २ मिनिटं पळणं आणि १ मिनिट चालणं असं आलटून पालटून. मंगळवार-गुरुवारी एकूण ३० मिनिटं. रविवारी क्रमाने ३, ४, ४.५ आणि ३.५ किलोमीटर. चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी आहे. स्नायू पंधरा-वीस दिवसांत जोर धरतात, पण हाडं आणि स्नायुबंध मागे रेंगाळतात, आणि दुखापत होते ती याच दरीत. ‘आता तर जमायला लागलं’ असं वाटून चौथ्या-पाचव्या आठवड्यात अंतर दुप्पट करणारे सहाव्या आठवड्यात नडगी धरून बसतात.

पाचव्यापासून आठव्यापर्यंत ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं. मंगळवारी ३५ मिनिटं. रविवारी ५, ६, ७ आणि पुन्हा ५ किलोमीटर. सहाव्या आठवड्यापासून गुरुवार थोडा तिखट करायचा: १० मिनिटं आरामात पळून अंग गरम करा, मग ३ मिनिटं जोरात आणि २ मिनिटं चालणं असे चार फेरे, शेवटी १० मिनिटं सावकाश. जोरात म्हणजे एका दमात ‘दादर, प्रभादेवी’ एवढंच निघेल इतपत. जीव तोडून नव्हे. चौथा फेरा पहिल्यापेक्षा हळू झाला तर पहिला फार वेगात गेला, असा सरळ अर्थ. आठव्या आठवड्यात गुरुवारच्या या फेऱ्यांऐवजी ५ किलोमीटर वेळ लावून पळा. आलेल्या वेळेला २.०८ ने गुणलं की १० किलोमीटरचा अंदाज मिळतो. ५ किलोमीटरला ३८ मिनिटं लागली, तर १० ला सुमारे ७९. पहिली खेप म्हणून ८० धरा.

नववा-दहावा आठवडा सर्वांत जड. रविवारी ८ आणि ९ किलोमीटर, मंगळवारी ४० मिनिटं, गुरुवारी स्पर्धेच्या वेगाने १० मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये ३ मिनिटं चालणं. सरावात १० किलोमीटर पुरे करण्याची गरज नाही. ९ सावकाश झाले की स्पर्धेच्या गर्दीत दहावा आपोआप निघतो. अकराव्यात रविवारी ६. बाराव्यात मंगळवारी ३० मिनिटं आणि गुरुवारी २० मिनिटं, त्यात १५-१५ सेकंदांचे चार वेगवान तुकडे, बस. रविवारी धाव. पळणं-चालणं हा प्रकार स्पर्धेतही चालतो, कुणी हसत नाही. उलट पहिल्या किलोमीटरपासून ठरवून चालणारे बरेचदा आठव्या किलोमीटरला लंगडत चालणाऱ्यांच्या पुढे निघून जातात.

एखादा दिवस बुडाला तर बुडाला. तो भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट पळू नका. सलग आठवडा बुडाला तर मागचा आठवडा पुन्हा करा. ताप असताना पळायचं नाही, आणि डेंग्यू-मलेरियातून उठल्यावर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत फक्त चालणं.

पाऊल लांब टाकू नका. टाच गुडघ्याच्या फार पुढे आपटली की दर पावलाला ब्रेक लागतो आणि त्याचा धक्का गुडघा सोसतो. ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा. ३५-३६ येत असेल तर पावलं आखूड करून ४० च्या आसपास न्या, वेग तोच ठेवून. सुरुवातीला टुकूटुकू पळतोय असं वाटेल. वाटू दे.

ताकदीच्या व्यायामाला दहा बाय दहाची खोली पुरते. जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, गुडघे सरळ ठेवून १५ आणि किंचित वाकवून १५. असे तीन फेरे. खुर्चीवर टेकल्यासारखं बसून उठणं १२ वेळा, तीन फेरे. पाठीवर झोपून कंबर उचलणं १५ वेळा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं प्रत्येक बाजूला १५ वेळा, कारण गुडघ्याचं बरंचसं दुखणं कुल्ह्याच्या बाजूच्या अशक्त स्नायूंमुळे असतं. शेवटी ३० सेकंद प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि चवडे टेकवून अंग सरळ धरणं. सगळं मिळून २० मिनिटं. वाकवलेल्या गुडघ्याच्या टाचा कुणी करत नाही, आणि पोटरीतला पळताना सर्वांत जास्त राबणारा स्नायू नेमका त्यानेच घडतो.

कुठे पळायचं

शिवाजी पार्कचा फेरा साधारण १.२ किलोमीटरचा. पाणी जवळ, माणसांची वर्दळ, दमलात तर कट्ट्यावर बसा. नवख्यांसाठी यासारखी जागा नाही. मरीन ड्राइव्हचा पदपथ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे साडेतीन किलोमीटर, सपाट आणि सलग, त्यामुळे रविवारच्या लांब पळण्याला सोयीचा. पण सावली नाही, सातच्या आत आटपा. नेपियन्सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कात ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक आहे, गुरुवारच्या फेऱ्यांना उत्तम. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता साधारण ६ किलोमीटरचा, झाडीतला आणि शेवटी चढाचा. सातव्या-आठव्या आठवड्यात एकदा तिकडे जाऊन या. चढावर पाय आखूड टाकून वेग सोडायला शिकलात, की पुढे कधी मॅरेथॉनवाल्यांच्या तोंडी असलेला पेडर रोडचा चढ वाट्याला आला तर घाबरायचं कारण उरत नाही.

जुहूची वाळू दिसायला छान, पण किनारा समुद्राकडे उतरता असतो आणि मऊ वाळूत टाच खाली धसते, त्यामुळे पोटरी आणि घोट्यामागच्या शिरेवर ताण येतो. पळायचंच तर ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर आणि बूट घालून. उतरतेपण रस्त्यांनाही असतं: पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला झुकलेला असतो. रोज त्याच कडेने जाऊन-येऊन एकाच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, तर आधी हे तपासा. पदपथावर पेव्हर ब्लॉक हा घोट्याचा वैरी. निसटलेला ब्लॉक वरून शाबूत दिसतो आणि पाय ठेवल्यावर कलंडतो. अंधारात तिथून चालत जा. रस्त्यावरून पळायचं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, अंगावर चमकणारी पट्टी लावून आणि कानात हेडफोन न घालता. कुत्री अंगावर आली की पळणं थांबवा, बाजूला वळून सावकाश चाला. पळणाऱ्याच्या मागे लागण्यातली त्यांची गंमत तिथेच संपते.

पाणी, मीठ, पोट

आपल्याला घाम किती येतो हे अंदाजाने सांगता येत नाही, काट्यावर कळतं. पळायला जाण्यापूर्वी कमीत कमी कपड्यांत वजन करा, आल्यावर अंग कोरडं पुसून पुन्हा. ४५ मिनिटांत ६०० ग्रॅम वजन घटलं आणि वाटेत २०० मिलिलिटर पाणी प्यालात, तर घाम गेला ८०० मिलिलिटर, म्हणजे तासाला लिटरभराच्या वर. मुंबईत हा आकडा नवलाचा नाही. पळताना तो सगळा भरून काढायचा नसतो. तासाभराच्या आतल्या पळण्यात तहान लागेल तेवढे दोन-चार घोट पुरतात. घटलेल्या वजनाच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या दोन-तीन तासांत थोडंथोडं प्या, खाण्यासोबत.

नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे. रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात आणि पुढे भ्रम होतो. हे डिहायड्रेशन समजून आणखी पाणी पाजलं की प्रकरण हाताबाहेर जातं. वजन पळण्याआधीपेक्षा वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पिताय. घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. वर लिंबू चवीला. मीठ यापेक्षा वाढवू नका. औषधाच्या दुकानातल्या ओआरएसच्या पुडीवर जितकं पाणी लिहिलंय तितक्यातच ती घाला. अर्ध्या ग्लासात अख्खी पुडी घालून प्यायलात तर पोट बिघडणारच.

खाण्याचं फार अवडंबर नको. सकाळच्या अर्ध्या तासाच्या पळण्याला रिकाम्या पोटीही चालतं, मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांना सोडून. रविवारी ६ किलोमीटरच्या वर असेल तर निघण्याआधी एक केळं किंवा गूळ लावलेली अर्धी पोळी. आल्यावर तासाभरात पोहे, अंडी, मुगाची उसळ, दही-भात, जे घरात असेल ते. वजन उतरवायला पळणं सुरू केलंत म्हणून खाणं निम्म्यावर आणू नका. दोन्ही एकदम केलं की झोप उडते आणि दुखापती सुरू होतात.

दिवाळी आणि धूर

आराखड्याच्या मध्येच दिवाळी येते. चकलीचं काही नाही, ती जिरते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट मात्र सोडून द्या. पाऊस धुऊन गेलेली हवा दिवाळीनंतर बिघडत जाते. वारा पडतो, आणि थंडीत पहाटे गार हवेचा थर जमिनीलगत बसून राहिल्याने धूर-धूळ वर जात नाही. थंडी पळायला चांगली आणि हवा वाईट, असा हा मुंबईचा सौदा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) बघून निघा. १०० पर्यंत ठरल्याप्रमाणे. १०१ ते २०० असेल तर जोरातले फेरे रद्द, सावकाश पळा. दमेकऱ्यांनी या पट्ट्यातही सुट्टी घ्यावी. २०० च्या वर सगळ्यांनीच घरी ताकदीचे व्यायाम करावेत. बांधकामाच्या धुळीचा आणि सिग्नलला उभ्या वाहनांचा पट्टा तर कुठल्याही दिवशी टाळावा.

दुखणं कुठलं आणि किती

दोन्ही पाय सारखे जड, मांड्या दुखऱ्या, हे चालायचंच. एकाच पायात, एकाच जागी, पळताना वाढत जाणारं दुखणं वेगळं. साधा नियम: दुखण्यामुळे चाल बदलली, लंगड आली, की तो दिवस संपला. नडगीच्या कडेला लांब पट्ट्यात दुखत असेल तर अंतर निम्मं करा, आठवडाभर बघा आणि टाचांचा व्यायाम वाढवा. पण एका बोटाने दाबून हाडावर नेमकी एकच जागा कळवळत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. पळणं पूर्ण बंद आणि हाडांचे डॉक्टर गाठा. सुरुवातीच्या एक्स-रेत हा तडा अनेकदा दिसतच नाही, म्हणून एक्स-रे साफ आला एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकत असेल तर घरात फरशीवर अनवाणी फिरणं थांबवा, आणि खाट सोडण्याआधी पायाची बोटं हाताने मागे ओढून तळवा ताणून घ्या.

वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घामाने पाणी घटलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्रास देतात, शिवाय ज्या दुखण्याने थांबवायला हवं होतं तेच झाकतात.

स्पर्धेचा आठवडा

बिब, म्हणजे छातीवरचा क्रमांक, मोठ्या स्पर्धांत बहुतेक वेळा आधीच्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावा लागतो. ओळखपत्र आणि नोंदणीचा ईमेल सोबत ठेवा. शनिवारी शेवटच्या तासाला गेलात तर दोन तास उभं राहून पाय तिथेच दमतील. वेळ मोजणारी चिप बरेचदा बिबच्या मागेच चिकटवलेली असते, ती दुमडू नका. मागच्या बाजूला रक्तगट, औषधांची अॅलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर पेनने लिहा. येता न आलेल्या मित्राचा बिब लावून पळणं ही मुंबईतली जुनी खोड आहे. तुम्ही कोसळलात तर डॉक्टरांच्या हातात त्याची माहिती आणि फोन जाईल त्याच्या घरी.

शनिवारी रात्री नेहमीचं हलकं जेवण: वरण-भात, मऊ खिचडी. मिसळ, मटण, नवीन हॉटेल नको. कपडे, चार सेफ्टी पिना, जेली, लोकलचा पास, थोडे सुटे पैसे खुर्चीवर काढून ठेवा. त्या रात्री झोप लागत नाही, ते ठीकच. शुक्रवारची रात्र महत्त्वाची. नवीन बूट, नवीन मोजे, स्पर्धेत मिळालेला नवा टी-शर्ट, यांतलं काहीही रविवारी पहिल्यांदा अंगावर चढवायचं नाही.

सुरुवातीच्या दोन तास आधी एक केळं आणि दोन गुळपोळ्या किंवा वाटीभर उपमा, सवय असेल तर चहा. पहिली लोकल किती वाजता आहे ते आधीच बघा. मुंबई मॅरेथॉनच्या पहाटे रेल्वेने यापूर्वी जादा गाड्या सोडल्या आहेत, त्यांच्या वेळा स्पर्धेच्या आधी जाहीर होतात. आसपासचे रस्ते बंद असल्याने टॅक्सी दारात सोडेल असं धरू नका, शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर चालायची तयारी ठेवा. पोचल्या पोचल्या शौचालयाच्या रांगेत उभे राहा, ती अर्ध्या तासाची असते. मग १० मिनिटं चालणं, ५ मिनिटं हलकं पळणं, पाय पुढे-मागे झुलवणं. बसून पायाची बोटं ओढत बसायची ही वेळ नाही.

ठरवलेल्या वेळेच्या गटात, आणि त्यातही मागच्या बाजूला उभे राहा. तुमची वेळ चिप सुरुवातीच्या पट्टीवरून गेल्यावर मोजायला लागते, त्यामुळे पुढे घुसून काही मिळत नाही. ढोल वाजत असतात, सगळे सुसाट सुटतात, आणि पहिला किलोमीटर ठरवल्यापेक्षा मिनिटभर लवकर संपतो. तिथेच धाव बिघडते. ८० मिनिटांचं लक्ष्य असेल तर पहिले दोन किलोमीटर ८ मिनिटं १५ सेकंदांनी, मधले सहा बरोबर ८ मिनिटांनी आणि शेवटचे दोन ७ मिनिटं ४५ सेकंदांनी. २ किलोमीटरला घड्याळात १६:३० आणि ८ ला ६४:३० दिसायला हवेत. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्या माना. उंच इमारतींमध्ये घड्याळाचा जीपीएस भरकटतो, आणि वळणांवर आतून न जाता बाहेरून गेल्याने शेवटी घड्याळ १०.२ दाखवतं, त्यावरून आयोजकांशी भांडू नका. हवा दमट असेल तर लक्ष्यात दोन-तीन मिनिटं सुरुवातीलाच वाढवा, सातव्या किलोमीटरला नव्हे.

पाण्याच्या टेबलांपैकी पहिल्यावर झुंबड असते, शेवटच्याकडे जा. थांबायचं तर आधी हात वर करून कडेला सरका. कप चिमटून चोच करा, चालत दोन घोट घ्या, उरलेलं डोक्यावर. रिकामी बाटली पायाखाली येणार नाही अशी कडेच्या डब्यात टाका.

अंगावर काटा येणं, गरगरणं, छातीत दाटणं, जीभ अडखळणं, यांतलं काही झालं तर लगेच थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा. शेजारचा धावपटू भेलकांडत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात धरा, अंग घामाने निथळत असलं तरी. त्याला सावलीत आडवं करा, आधी गार पाणी आणि बर्फाने अंग भरभर थंड करा. वैद्यकीय पथकाला किंवा १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रेषा ओलांडल्यावर

रेषेवर थबकून सेल्फी काढू नका, मागचा येऊन आदळतो. लगेच बसूही नका. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. त्या एकदम थांबल्या की रक्त पायांत साचतं आणि घेरी येते. १०-१५ मिनिटं चालत राहा, घोटघोट पाणी प्या, मिळालेलं केळं खा, ओला टी-शर्ट बदला. रविवारी बरेचदा रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा मैदानात फोटो काढत अकरा वाजवण्यापूर्वी परतीची गाडी बघून ठेवा.

पुढचे तीन-चार दिवस पळणं नाही, चालणं चालेल. मांड्यांचं दुखणं पहिल्या दिवशी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यामुळे सोमवारी-मंगळवारी स्टेशनचा पूल चढता येतो, उतरताना मात्र पाय थरथरतात. दोन दिवस पाच मिनिटं लवकर निघा आणि कठड्याच्या बाजूने उतरा.